बिशपांच्या बागेतील बुटके राजे

पोर्तुगालच्या पूर्व भागात, स्पेनच्या सीमेपासून फारसे दूर नसलेले कॅस्तेलो ब्रांको नावाचे शहर आहे. तेथे ग्वार्डाच्या बिशपांचा एक वाडा होता. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बिशप जोआंव दे मेंदोन्सा यांनी त्या वाड्यालगत एक बाग उभारली. बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाचे नाव तिला देण्यात आले.

बाग म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे फुलांचे ताटवे येतात. येथे मात्र दगडाचीच गर्दी अधिक! नीट कातरलेल्या हिरव्या कुंपणांमध्ये ग्रॅनाइटचे पुतळे उभे आहेत. ऋतू आहेत, बारा राशी आहेत. श्रद्धा, आशा व प्रीती आहेत. मरण, न्याय, नरक आणि स्वर्ग या चार अंतिम गोष्टीही आहेत. धर्मशिक्षणाचा वर्गच जणू उघड्या आकाशाखाली भरला आहे. एका जिन्यावर प्रेषितांची रांग आहे आणि दुसऱ्या जिन्यावर पोर्तुगालच्या राजांची.

या राजांच्या जिन्यावर पाहणारा थबकतो. इतर राजांच्या मानाने फिलिप नावाचे राजे अगदीच बुटके घडविलेले आहेत. ही शिल्पकाराची चूक नव्हे. १५८० साली पोर्तुगालचे राज्य स्पेनच्या राजघराण्याकडे गेले, ते १६४० पर्यंत. त्या साठ वर्षांत आपल्या वसईवरही याच फिलिप राजांचा अंमल होता. पुढे १७०४ च्या युद्धात शत्रुसैन्याने कॅस्तेलो ब्रांको जिंकले, तेव्हा जुनी जखम पुन्हा उघडी पडली असणार. फिलिपांना वंशावळीतून वगळता येईना, म्हणून त्यांची उंची छाटली गेली!

हे पाहून हसू येते खरे. पण मला त्यात थोडी खंतही वाटते. ज्या बागेत प्रीतीची मूर्ती बसवली, तिथेच हा सलही दगडात कोरून ठेवावा? सीमेवरच्या माणसाचे दुःख दुरून तोलणे मात्र सोपे असते.

१८०७ मध्ये नेपोलियनचे सैन्य याच शहरातून लिस्बनकडे गेले. १७७१ साली येथे स्वतंत्र धर्मप्रांत झाला होता, तो १८८१ मध्ये विसर्जित झाला. १९११ च्या कायद्याने चर्चची मालमत्ता सरकारजमा झाली आणि पुढे बाग नगरपालिकेकडे आली. वाड्यात आता संग्रहालय आहे. बिशपांच्या खासगी पायवाटांवरून आज कोणीही फिरू शकते. मुले जिना चढतात आणि बुटक्या राजांशी आपली उंची मापून पाहू शकतात.