हुबेहूब म्हणजे काय?

१९१५ च्या सुमारास एडिसनची कंपनी गायिकेला फोनोग्राफशेजारी उभी करी. अंधार व्हायचा, गायिका निघून जायची, गाणं चालूच! श्रोत्यांना म्हणे फरक कळत नसे. १९५४ मध्ये अमेरिकेतच एडगर विल्चरने बंद खोक्यातल्या हवेलाच स्प्रिंग केलं आणि कपाटाएवढ्या स्पीकरचा खर्ज छोट्या पेटीत आणला. पुढे त्याच्या कंपनीनेही व्हायोलिन-चेलोच्या वादकांसोबत स्पीकर ठेवून तसाच प्रयोग केला. पुन्हा लोक फसले. मग हुबेहूबपणा यंत्रात की कानात? मी स्वतः चार वेळा स्पीकर बदलले. आईच्या ओव्यांची टेप लावली की दर वेळी वाटायचं, आत्ता खरी आई ऐकू आली. नव्या स्पीकरने जुन्याचं उणेपण तेवढं दाखवलं. उरलेली आई माझ्या आठवणीनेच भरून काढली. टेप तर तीच होती ना!