पानगळीच्या वाटा कळव्यापासून

ऑक्टोबर महिना उजाडला की परदेशी स्थायिक झालेल्या आप्तेष्टांकडून लाल-केशरी झाडांची छायाचित्रे येऊ लागतात. अमेरिकेतील व्हरमाँट आणि न्यू हॅम्पशायर या राज्यांत तर केवळ पानांचे रंग पाहण्यासाठी मोटारींच्या रांगा लागतात. जपानमध्ये मेपलची पाने पाहणे हा ऋतूचा रिवाजच आहे. आपल्याच देशात काश्मीरमधील चिनार ऑक्टोबरच्या अखेरीस पेटल्यासारखे दिसू लागतात. तेथे या ऋतूला 'हरुद' म्हणतात. हे सारे पाहून 'आमच्याकडे असे काही नाही' असा सूर ठाणे-कल्याणकडच्या घराघरांत उमटतो.

वस्तुस्थिती तशी नाही. पानगळ आपल्याकडेही होते आणि रंगही येतात. मात्र त्यांचे वेळापत्रक निराळे आहे. आश्विन-कार्तिकात, म्हणजे शरदात, आपले डोंगर हिरवेच असतात. पठारांवर सोनकी पिवळी धमक फुललेली असते आणि गवत नुकतेच सोनेरी होऊ लागलेले असते. खरी पानगळ शिशिराची, म्हणजे माघ-फाल्गुनातली. नेमक्या त्याच काळात शहरी माणूस 'आता डोंगरात पाहण्यासारखे काय उरले?' असे म्हणून घरी बसतो. कळव्यासारख्या ठिकाणी राहणाऱ्यांना तर या रंगांसाठी दूर जाण्याचीही गरज नाही.

थंडीची पानगळ, तहानेची पानगळ

शीत प्रदेशात दिवस लहान होऊ लागला आणि गारठा वाढला की झाड पानातील हरितद्रव्य मोडून त्यातील उपयुक्त अंश खोडात परत ओढून घेते. हरितद्रव्य ओसरल्यावर आधीपासूनच पानात असलेली पिवळी-नारिंगी रंगद्रव्ये उघडी पडतात. काही वृक्षांत अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य नव्याने तयार होते. सर्व झाडांना ऋतुबदलाची सूचना जवळपास एकाच वेळी मिळत असल्याने सारे रान एकदम रंगते.

उत्तर कोकणातील झाड मात्र थंडीला नव्हे, तहानेला उत्तर देते. ठाणे परिसरात वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने झाडाने साठवणीवर काढायचे असतात. पानांच्या रंध्रांतून सतत पाण्याची वाफ बाहेर पडत असते. जमिनीतील ओल कमी झाली की हा खर्च परवडत नाही. मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर तयार होतो आणि पान गळून पडते. प्रत्येक जातीची मुळे, साठवण आणि जागा वेगळी असल्याने ही गळती डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत रेंगाळते. म्हणून आपल्याकडे एकाच आठवड्यात सारा डोंगर लाल होत नाही.

मात्र आपल्या रानात पानगळीपाठोपाठ दुसरा अंक सुरू होतो. निष्पर्ण फांद्यांवर फुले येतात, आणि त्यानंतर तांबूस कोवळी पालवी. पाने आड येत नसल्याने मैना, बुलबुल, सूर्यपक्षी यांना फुले दुरून दिसतात आणि परागीभवन साधते. फळे पावसाआधी पिकतात, बी वाऱ्यावर उडते आणि पहिल्या सरींना ते जमिनीवर तयार असते. हे वेळापत्रक नीट बसवलेले आहे, आणि ते मोडले तर काय होते हे पुढे पाहू.

रंगांचे पंचांग

डिसेंबर-जानेवारी : सागाची रुंद पाने पिवळी, मग तपकिरी होऊन गळू लागतात. इमारतींच्या आवारात लावलेला देशी बदाम याच हिवाळ्याच्या सुमारास लालबुंद होतो. परदेशी पानगळीशी सर्वांत जवळचे नाते सांगणारे हे झाड बहुतेकांच्या खिडकीखालीच उभे असते.

जानेवारी-फेब्रुवारी : काटेसावर मोठी, मांसल, लाल-गुलाबी फुले धारण करते. पांगारा लाल होतो. कहांडोळ पूर्ण निष्पर्ण होऊन त्याचे गुलाबीसर पांढरे, कागदासारख्या सालीचे खोड उठून दिसते. चांदण्यात ते भासते तसे म्हणून त्याला 'भुत्या' असेही नाव आहे.

फेब्रुवारी-मार्च : पळसाचा केशरी बहर. होळीचा रंग पूर्वी याच फुलांपासून काढला जाई. पिवळी सोनसावर आणि नारिंगी कौशी याच सुमारास फुलतात. पूर्व द्रुतगती महामार्गावर विक्रोळीच्या परिसरात वसंतराणी गुलाबी होते ती याच दिवसांत. हे झाड मात्र मूळचे उष्ण कटिबंधीय अमेरिकेतले.

मार्च-एप्रिल : कुसुंबाची नवी पाने लाल रंगाची असतात आणि दुरून पाहणाऱ्याला ते झाड फुललेले वाटते. जेमतेम दोन-तीन आठवडे हा रंग टिकतो. पिंपळाची तांबूस पालवी, मोहाची कोवळी पाने यांचाही हाच काळ. एप्रिल-मे महिन्यांत बहावा पिवळ्या घोसांनी या मालिकेची सांगता करतो.

चार वाटा

पारसिक आणि येऊर : कळव्याच्या एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला पारसिकचा डोंगर आहे. याच डोंगराच्या पोटातून १९१६ साली खुला झालेला रेल्वे बोगदा जातो. फेब्रुवारीत खाडीकाठी उभे राहिले तर एक धडा फुकट मिळतो. भरती-ओहोटीच्या पाण्यात उभी असलेली तिवरे हिरवीगार, आणि समोरचा डोंगर तपकिरी. अर्धा दिवस हाताशी असेल तर खाडीपूल ओलांडून ठाण्यातून येऊर गाठावे. हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग असल्याने वनखात्याच्या नाक्यावर वाहनांना वेळेची बंधने आहेत. येथे मोटार ठेवून चालणेच उत्तम.

बदलापूर-बारवी : शिळफाट्यावरून काटई नाक्याकडे आणि तेथून बदलापूर. पुढे बारवी धरणाकडे जाणारा रस्ता साग आणि मिश्र पानझडी रानातून जातो. सागाच्या वाळक्या पानांचा खच आणि त्यावरून चालताना होणारा आवाज अनुभवायचा तर ही वाट निवडावी. जलाशयाच्या पाण्यात न उतरणेच शहाणपणाचे. ज्यांच्याकडे वाहन नाही त्यांना कळव्याहून लोकलने बदलापूरला जाता येते.

मुरबाड-माळशेज : कल्याणहून मुरबाड, सरळगाव, टोकावडे, मोरोशी आणि माळशेज असा हा रस्ता. कल्याणपासून घाट सुमारे ८५ किलोमीटरवर आहे. पावसाळ्यात येथे गर्दी उसळते. मार्चमध्ये हाच रस्ता रिकामा असतो. सरळगावपासून पुढे शेताच्या बांधांवर पळस दिसू लागतात. फांद्या तोडून ठोंब्यासारखे उभे केलेले ऐनही दिसतील. भाताच्या रोपवाटिकेची जमीन भाजण्यासाठी, म्हणजे राबासाठी, ऐनाच्या फांद्या तोडण्याची येथील शेतीची जुनी रीत आहे. मोरोशीपाशी सह्याद्रीची भिंत समोर येते आणि तिच्या घळींमध्ये कुसुंबाचे लाल ठिपके ओळखता येतात.

शहापूर-तानसा-कसारा : खारेगावहून मुंबई-नाशिक महामार्गाने पडघा, आसनगाव आणि आटगाव. आटगावहून आत वळल्यावर तानसा अभयारण्याचे रान लागते. मुंबईला पाणी पुरवणारे तानसा धरण १८९२ सालचे. पाणलोटाच्या संरक्षणामुळेच येथील जंगल पुष्कळसे टिकून राहिले. तेथून परत महामार्गावर येऊन खर्डीमार्गे कसारा घाट गाठता येतो. जून २०२५मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नाशिककडे जाणे वेगवान झाले. पण त्या मार्गावर थांबण्यास मनाई आहे आणि इगतपुरीजवळचा डोंगर सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून पार होतो. ज्यांना पोहोचायचे आहे त्यांनी तो मार्ग धरावा; ज्यांना पाहायचे आहे त्यांनी जुना.

वणवा आणि कुऱ्हाड

निष्पर्ण रान म्हणजे मेलेले रान, हा समज निरुपद्रवी नाही. फेब्रुवारी ते मे या महिन्यांत आपल्या डोंगरांवर रात्री ज्या आगीच्या रेषा दिसतात त्यामागे बहुतेक वेळा माणसाचा हात असतो. मोहाची फुले वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो; गवत जाळले की नवे चांगले फुटते अशीही समजूत आहे. पण दोष केवळ गावकऱ्यांवर ढकलून शहरी प्रवाशाला मोकळे होता येणार नाही. रस्त्याकडेला फेकलेले सिगारेटचे थोटूक किंवा सहलीत पेटवून अर्धवट विझवलेली चूल तेवढाच वणवा लावते.

गळलेले पान हा कचरा नाही. ते जमिनीतील ओल धरून ठेवते आणि कुजून पुढच्या पालवीचे अन्न होते. वर सांगितलेले वेळापत्रक आठवावे. बी जमिनीवर पडण्याचे आणि वणवे लागण्याचे दिवस एकच आहेत. मोठे झाड आगीतून वाचते, त्याचे बी आणि रोप जळते. वर्षानुवर्षे असे झाले तर रान दिसायला उभे असते, पण त्याला पुढची पिढी नसते. जंगलात आग लावणे भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये गुन्हा आहे, याची आठवण अनेकांना करून द्यावी लागते.

दुसरे संकट रस्त्याचेच. ज्या रस्त्याने आपण झाडे पाहायला जातो तो रुंद होताना पहिला घाव कडेच्या झाडांवर पडतो. त्यांच्या जागी शोभेची, लवकर वाढणारी झाडे येतात. काटेसावर, पांगारा, कुसुंब क्वचितच. शहरी भागातील झाडांसाठी महाराष्ट्रात १९७५चा वृक्षसंरक्षण कायदा आहे आणि २०२१च्या दुरुस्तीने ५० वर्षे वा अधिक वयाच्या झाडांना वारसावृक्षाचा दर्जा मिळाला. वृक्षतोडीच्या प्रस्तावांवर नागरिकांना हरकत नोंदवता येते. ती नोंदवण्यासाठी मात्र ते झाड कोणते हे आधी ठाऊक असावे लागते. फेब्रुवारीत एकदा फुललेला पांगारा पाहिलेला माणूस जूनमधील साध्या हिरव्या झाडालाही नावाने ओळखतो. या फेरफटक्यांचा खरा उपयोग हाच.

निघण्यापूर्वी

पहाटे निघावे. मुंब्रा वळणरस्ता आणि शिळफाटा या भागात अवजड वाहनांची वर्दळ मोठी असते, आणि कोवळ्या उन्हात रंगही खुलतात. दुपारी अकरानंतर उन्हाचा ताप वाढतो. पिण्याचे पाणी भरपूर न्यावे. घाटात वळणावर किंवा महामार्गाच्या कडेला वाहन उभे करू नये; गावफाट्यावर थांबून चालत मागे यावे. माकडांना खाऊ घालू नये. फुलांच्या फांद्या तोडू नयेत. पडलेली फुले मुलांना गोळा करू द्यावीत. रानात कोणत्याही कारणाने आग पेटवू नये. वणवा दिसल्यास जवळच्या वनचौकीला किंवा ११२ या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे.

एकाच फेरीत सारे रंग दिसत नाहीत. तेव्हा एकच वाट निवडून जानेवारी, मार्च आणि एप्रिल अशा तीन महिन्यांत तिच्यावर तीनदा जावे. तीच झाडे आधी पाने गाळताना, मग फुलताना आणि शेवटी पालवताना दिसतील.