चांदीच्या पाण्याचा माग

२००२ साली अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्यातून स्टॅन जोन्स नावाचा एक उमेदवार सिनेटच्या निवडणुकीला उभा राहिला. पक्ष लिबर्टेरियन, म्हणजे निवडून यायची शक्यता नाहीच. तरीही त्याचं नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकलं, ते रंगामुळे. त्याचा चेहरा निळसर राखाडी पडला होता, पावसाळी आभाळासारखा. २००० साल उजाडलं की संगणक बंद पडतील, दळणवळण थांबेल आणि औषधाच्या दुकानात अँटिबायोटिक मिळणार नाही, या धास्तीनं त्यानं १९९९पासून घरच्या घरी चांदीचं पाणी तयार करून प्यायला सुरुवात केली होती. संगणक बंद पडले नाहीत. रंग मात्र चढला, आणि चढलेला रंग आपोआप उतरत नाही. गंमत म्हणजे एवढं होऊनही चांदीवरचा त्याचा विश्वास काही ढळला नाही.

हे पाणी करायला काही फार लागत नाही. शुद्ध चांदीच्या दोन तारा, पेलाभर डिस्टिल्ड वॉटर आणि नऊ व्होल्टच्या दोन-तीन बॅटऱ्या. विजेचा प्रवाह सुरू झाला की एका तारेवरची चांदी सुटून पाण्यात उतरते. तयार झालं की नाही ते पाहायला अंधारात लेझरचा किरण पेल्यातून सोडतात. पाण्यात लाल रेघ उमटली की काम फत्ते. ही रेघ दिसायला मोठी शास्त्रीय वाटते. पण पाण्यात कण आहेत एवढंच ती सांगते, किती आहेत ते सांगत नाही. शिवाय बॅटरीवर केलेल्या पाण्यात कणांपेक्षा चांदीचे आयनच जास्त असतात. पोटातल्या आम्लात क्लोराइड मुबलक, त्याच्याशी गाठ पडली की त्या आयनांचं सिल्व्हर क्लोराइड होतं. म्हणजे जी चांदी पेल्यात दिसली, ती त्या रूपात पुढे फार प्रवास करत नाही.

किती चांदी पोटात गेलेली चालते, याचा एक आकडा अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं काढून ठेवला आहे. आयुष्यभर रोज घेतली तरी कातडीचा रंग बदलू नये, अशी मर्यादा: वजनाच्या दर किलोमागे ५ मायक्रोग्रॅम. साठ किलोच्या माणसाला दिवसाला ३००. आता हिशेब करा. १० पीपीएमचं, म्हणजे लिटरमागे १० मिलिग्रॅम चांदी असलेलं, पाणी चहाच्या चमच्यानं एक चमचा घेतलं, तर ५० मायक्रोग्रॅम. तेच पेलाभर, २०० मिलिलिटर घेतलं, तर २००० मायक्रोग्रॅम, मर्यादेच्या जवळजवळ सातपट. आणि घरी केलेलं पाणी १० पीपीएमचंच आहे हे कोण मोजतंय? त्यात प्रवाह लवकर चालावा म्हणून चिमूटभर मीठ टाकणारेही असतात. मग पाण्यात नेमकं काय काय तयार झालं, ते त्या बॅटरीलाच ठाऊक.

जोन्स ज्या वर्षी पेला भरायला लागला, त्याच वर्षी, ऑगस्ट १९९९मध्ये, अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं निर्णय जाहीर केला: चिठ्ठीविना विकल्या जाणाऱ्या औषधांत कोलॉइडल सिल्व्हर, म्हणजे हेच चांदीचं पाणी, आणि चांदीचे क्षार सुरक्षित आणि परिणामकारक मानता येत नाहीत. पण १९९४च्या एका कायद्यानं ‘आहारपूरक’ नावाचं एक मागचं दार उघडून ठेवलं होतं. रोग बरा करतो असं बाटलीवर लिहू नका, मग विका. त्या दारातून चांदी पुन्हा आत आली. करोनाच्या साथीत, मार्च २०२०मध्ये, या प्रशासनाला काही विक्रेत्यांना पुन्हा इशारापत्रं धाडावी लागली.

हे बॅटरीचं खूळ आलं कुठून? मागे जाताना आधी एक खरा डॉक्टर भेटतो. रॉबर्ट बेकर, न्यूयॉर्क राज्यातला अस्थिशल्यचिकित्सक. हाडात मुरलेल्या, कशाला न बधणाऱ्या जखमांवर त्यानं चांदीचे इलेक्ट्रोड लावून बारीक वीजप्रवाह सोडण्याचे प्रयोग केले. १९८५चं त्याचं ‘द बॉडी इलेक्ट्रिक’ हे पुस्तक खूप वाचलं गेलं. बेकरची चांदी जखमेत होती, रुग्णालयात होती. नव्वदच्या दशकात तिचा पेला झाला. रक्तात वीज सोडून रोग घालवायचा सल्ला देणारा बॉब बेक आणि ‘झॅपर’ नावाच्या छोट्या विजेच्या डबीनं सगळे रोग जातात असं सांगणारी हल्डा क्लार्क हे त्याच काळातले. क्लार्कबाईंच्या एका पुस्तकाचं नावच सर्व कर्करोगांवरचा उपाय असं होतं. त्या २००९ साली वारल्या, रक्ताच्या कर्करोगानं.

चांदीचं पाणी विकणाऱ्यांची एक लाडकी कथा आहे. पूर्वी चांदी हे गरिबाचं, घरगुती, हक्काचं औषध होतं. अँटिबायोटिक आली आणि बड्या औषध कंपन्यांनी चांदी दडपून टाकली. या कथेचा माग काढत गेलं, की आपण एका बड्या औषध कंपनीच्याच दारात जाऊन उभे राहतो.

फिलाडेल्फियाच्या कामगारवस्तीत वाढलेला आल्बर्ट बार्न्स १८९२ साली डॉक्टर झाला, पण दवाखान्यात रमला नाही. १९०२ साली त्यानं हर्मन हिले या जर्मन रसायनतज्ज्ञाबरोबर एक औषध बाजारात आणलं: आर्जिरॉल. सिल्व्हर नायट्रेट डोळ्यात घातलं की झोंबायचं, परम्याच्या रोग्याला तर ते नको तिथे आग लावायचं. चांदी प्रथिनाला बांधली, तर आग होत नाही. आर्जिरॉल म्हणजे तेच: तपकिरी, डाग पाडणारं, पण सोसवणारं. बार्न्सची व्यापारी हुशारी अशी, की त्यानं पेटंट घेतलंच नाही. पेटंट घ्यायचं तर कृती उघड करावी लागते आणि ठरावीक वर्षांनी हक्क संपतो. त्यानं फक्त नाव नोंदवलं आणि कृती कुलपात ठेवली. पुढे हिलेला बाजूला करून कंपनी एकट्याची केली. घरगुती, हक्काचं वगैरे म्हणतात त्या औषधाची कृती अशी एका माणसाच्या तिजोरीत होती.

माणूस मोठा विक्षिप्त. कारखान्यात कामगारांचे दिवसातले दोन तास वाचन-चर्चेसाठी राखलेले, विल्यम जेम्सचं तत्त्वज्ञान चाललंय, भिंतींवर खरी चित्रं टांगलीत आणि शेजारी बाटल्या भरल्या जातायत. जॉन ड्यूईसारखा विचारवंत त्याचा स्नेही. आर्जिरॉलच्या पैशातून त्यानं चित्रं घेतली, ढीगभर घेतली: सेझान, मातिस, आणि एकट्या रेनुआरची १८१. जुलै १९२९मध्ये, वॉल स्ट्रीट कोसळायच्या तीन महिने आधी, त्यानं कंपनी सुमारे साठ लाख डॉलरना विकून टाकली. नशीब म्हणा किंवा नाक. पुढे तिसाच्या दशकात सल्फा आणि चाळिसाच्या दशकात पेनिसिलिन आलं आणि आर्जिरॉलचा बाजार बसला. चांदी कुणी दडपली नाही. परमा पेनिसिलिननं लवकर बरा होत होता, एवढंच. बार्न्सचा संग्रह आज फिलाडेल्फियात पाहता येतो. रेनुआरच्या त्या गुबगुबीत, गुलाबी कांतीच्या बायका पाहताना तो पैसा ज्या औषधाचा, ते नाकात थेंब थेंब घालून राखाडी पडलेली माणसं आठवू नयेत, हे मला तरी जमलं नसतं.

बार्न्सच्याही मागे जर्मनीत चांदीची दोन नावं गाजत होती. बायर कंपनीचं प्रोटार्गॉल, १८९७चं, परम्यावर; आणि त्याच सुमाराचं कोलार्गॉल. हे दुसरं आपल्या पेल्यातल्या पाण्याचा खरा पूर्वज. ते वापरात आणलं ड्रेस्डेनच्या बेन्नो क्रेडे या शल्यचिकित्सकानं. मलमातून चोळलं, शिरेतून टोचलं. रक्तात जंतू शिरलेत ना, मग चांदीही रक्तातच सोडू, असा सरळ हिशेब.

या बेन्नोचे वडील कार्ल क्रेडे. लाइपझिगच्या प्रसूतिगृहातले डॉक्टर. आईला परमा असला की जन्मताना बाळाच्या डोळ्यांना लागण व्हायची, पू यायचा, डोळे जायचे. युरोपातल्या अंधशाळांत अशी मुलं कितीतरी. १८८०च्या सुमाराला क्रेडेंनी प्रत्येक नवजात बाळाच्या डोळ्यात सिल्व्हर नायट्रेटच्या दोन टक्के द्रावणाचा थेंब घालायला सुरुवात केली आणि नोंद ठेवली. दहा टक्क्यांच्या आसपास असलेली लागण एक टक्क्याच्याही खाली आली. बापानं एक थेंब डोळ्यावर घातला आणि बाळं मोजली. मुलानं तीच चांदी शिरेत सोडली. पुढचं शतकभर चांदीचं घराणं या दोन वाटांनी चालत राहिलं, आणि भांडणही तेच राहिलं: वर की आत.

वरची वाट बरी चालली. १९६८ साली चार्ल्स फॉक्सनं भाजलेल्या जखमांसाठी सिल्व्हर सल्फाडायझिन आणलं. कुकरची वाफ लागली की आपल्याकडे फ्रिजच्या कप्प्यातून जी पांढऱ्या मलमाची ट्यूब शोधली जाते, ती बहुतेक वेळा हीच. रशियाच्या अंतराळस्थानकात पिण्याचं पाणी टिकवायला चांदी वापरली गेली. टाटांच्या ‘स्वच्छ’ या २००९च्या फिल्टरमध्ये भाताच्या तुसांच्या राखेवर चांदीचे नॅनोकण बसवलेले होते. इथे चांदी पाण्यातल्या जंतूंना गाठते आणि बहुतेक फिल्टरमध्येच राहते. माणसानं ती प्यायची नसते.

पण कोलार्गॉलची चांदी बेन्नोला मिळाली कशी? इथे माग अनपेक्षित ठिकाणी वळतो: फोटोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीत. ‘कोलॉइड’ हा शब्द थॉमस ग्रॅहमनं १८६१ साली सरसाला म्हणतात त्या ग्रीक शब्दावरून काढला होता. पाण्यात विरघळलेली नाही आणि तळाशीही बसत नाही अशी चांदी १८८९ साली तयार केली, ती मॅथ्यू कॅरी लीनं. हाही फिलाडेल्फियाचाच, बार्न्सच्या दोन पिढ्या आधीचा. पण हा डॉक्टर नव्हता. फोटोग्राफीच्या रसायनांचा नादी होता, त्यावर त्यानं जाडजूड पुस्तक लिहिलं होतं. चांदीचे क्षार उजेडात काळे का पडतात, हा त्याचा आयुष्यभराचा प्रश्न. औषधाचा विचारही त्याच्या डोक्यात नसावा.

आता पुन्हा मॉन्टानाच्या त्या चेहऱ्याकडे पाहा. शरीरात मुरलेली चांदी कातडीत पोचते. तिथे उजेड पडला, की तिची धातुरूप चांदी होते, पुढे गंधक आणि सेलेनियमशी बांधली जाऊन तिथेच बसते. म्हणून चेहरा आणि हात गडद होतात, कपड्याखालचं अंग त्या मानानं फिकट. नखंही निळी. याला आर्जिरिया म्हणतात. लेझरनं काही जणांचा रंग थोडा उतरवता आलाय, पण साबणानं जाणारी ही गोष्ट नव्हे. कॅरी लीचा प्रश्न कातडीनं सोडवला, काचेऐवजी माणसावर. हलाहल पचवून फक्त कंठ निळा ठेवायची सोय देवालाच आहे.

लोक निळे पडू लागले ते मात्र कोलॉइडच्याही आधी. एकोणिसाव्या शतकात युरोपात फेफऱ्यावर सिल्व्हर नायट्रेटच्या गोळ्या महिनोन्महिने दिल्या जात. का? तर किमयागारांच्या हिशेबात चांदी म्हणजे चंद्र, चंद्राचा संबंध डोक्याशी, आणि फेफरं डोक्यात. सिल्व्हर नायट्रेटच्या डाग देण्याच्या कांडीला तर नावच चांद्र कॉस्टिक. आपल्या रसशास्त्रातही चांदीची नावं रजत, तार, रौप्य आणि चंद्र. रौप्यभस्म ही मात्र निराळी गोष्ट, भट्टीतून पुटं देऊन काढलेली. बॅटरीच्या पेल्याचा वंश तिच्याशी जोडू नये. होमिओपॅथीतलं अर्जेंटम नायट्रिकम, परीक्षेच्या भीतीवर देतात ते, याच सिल्व्हर नायट्रेटचं. त्यानं कुणी निळं पडल्याचं ऐकिवात नाही, कारण वरच्या पोटन्सीत चांदीच उरलेली नसते.

१८९३ साली, कार्ल नेगेली या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाच्या मृत्यूनंतर, त्याचा एक निबंध छापला गेला. पाण्यात धातूचा अगदी अल्प अंश असला तरी शेवाळ मरतं, असं त्यात होतं. या परिणामाला त्यानं ‘ऑलिगोडायनॅमिक’ नाव दिलं. त्याच्या धातूंत चांदी होती, तसं तांबंही. रात्री तांब्याच्या तांब्यात ठेवलेलं पाणी सकाळी पिणाऱ्या आमच्या मावशीला हे सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, “मग आम्ही काय वेगळं सांगत होतो?” तिचं चूक नाही. पण भांड्यात जंतू मरणं वेगळं आणि भांडंच पिणं वेगळं.

आपल्या घरांत उष्टावणाला चांदीची वाटी निघते, पेढ्यावर वर्ख असतो. वर्खाची चांदी पोटात जाते खरी, पण सणासुदीला, तोळ्याच्या क्षुल्लक अंशानं. चांदीचं पाणी विकणाऱ्यांना असे दाखले हवेच असतात. राजघराण्यांचं ‘निळं रक्त’ चांदीच्या ताटांमुळे, असंही ते सांगतात. स्पॅनिश लोकांचा तो शब्दप्रयोग गोऱ्या मनगटावर दिसणाऱ्या निळ्या शिरांवरून आला. ताटांचा तिथे संबंध नाही.

सगळ्यात जुना दाखला ते देतात हिरोडोटसचा. इराणचा सम्राट सायरस मोहिमेवर निघाला, की सूसा शहराजवळून वाहणाऱ्या खोआस्पेस नदीचं पाणी चांदीच्या भांड्यांतून बरोबर नेलं जाई. इतर कुठल्या नदीचं पाणी राजा पीत नसे. खेचरांच्या चारचाकी गाड्यांची रांगच्या रांग मागून येत असे. हा उतारा विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकांत हमखास असतो. त्यातला एक शब्द मात्र हमखास गळालेला असतो. हिरोडोटस म्हणतो, ते पाणी आधी उकळलेलं असे.