निष्ठावंतांची टीका

एखाद्या धर्मसंस्थेवर गंभीर आरोप आला म्हणजे तिचे अनुयायी काय करतात, हा प्रश्न जितका नीतिशास्त्राचा तितकाच इतिहासाचाही आहे. धर्मगुरूंनी मुलांवर केलेले लैंगिक अत्याचार उघडकीस आले तेव्हा कॅथलिक समाजाने जी उत्तरे दिली, ती समजून घ्यावयाची तर अमेरिकेतील बोस्टन शहराचा इतिहास पाहावा. या उत्तरांचे बहुतेक सर्व प्रकार तेथे एकाच समाजात पाहावयास सापडतात.

बोस्टन हे मुळात कडव्या प्रॉटेस्टंटांचे नगर. १८३४ च्या ऑगस्ट महिन्यात शेजारच्या चार्ल्सटाउन येथील उर्सुलाइन धर्मभगिनींचा मठ जमावाने जाळून टाकला. दोनच वर्षांनी मरिया मंक या नावाने मॉन्ट्रियलच्या एका मठातील अनाचारांचे पुस्तक निघाले. ते धादांत खोटे होते, तरी त्याचा खप प्रचंड झाला. पुढे १८४५ नंतरच्या दुष्काळात आयर्लंडमधून जे उपाशी कॅथलिक येथे आले, त्यांच्या वाट्यासही अवहेलनाच आली. अशा लोकांनी पै पै जमवून आपली चर्चे आणि शाळा उभारल्या. आपल्या धर्मगुरूंविषयी वाईट बोलले जाते ते द्वेषापोटी, ही त्यांची समजूत अनुभवातून घडलेली होती. तिला निव्वळ हट्ट म्हणणे अन्यायाचे होईल.

परंतु ज्या ढालीने एके काळी दुर्बलांचे रक्षण केले, तीच पुढे प्रबळांच्या हाती गेली. १९९२ साली शेजारच्या फॉल रिव्हर धर्मप्रांतातील पोर्टर नामक धर्मगुरूचे प्रकरण गाजत असता बोस्टनचे आर्चबिशप कार्डिनल बर्नार्ड लॉ यांनी वृत्तपत्रांवर, विशेषतः ‘बोस्टन ग्लोब’वर, ईश्वरी सामर्थ्याला पाचारण केले. त्या घटकेस त्यांच्या स्वतःच्या धर्मप्रांतात जॉन गेगन हा धर्मगुरू सेवेत होता, आणि त्याच्याविषयीच्या तक्रारी धर्मपीठाच्या दप्तरात कित्येक वर्षे पडून होत्या.

त्या तक्रारींपैकी एक पत्र मनात घर करून राहते. १९८२ साली एका स्त्रीने लॉ यांचे पूर्वाधिकारी कार्डिनल मेदेरोस यांस ते लिहिले. तिच्या आप्तांपैकी सात मुले गेगनच्या वासनेस बळी पडली होती. आमच्या पूर्वजांनी चर्चच्या प्रेमापायी हालअपेष्टा व छळ सोसला, धर्मगुरुपदाची प्रतिष्ठा राखावी हीच आमचीही इच्छा आहे. परंतु हा मनुष्य अद्याप धर्मग्रामात कसा, असा तिचा प्रश्न होता. तो बरा झाला आहे, यावर तिचा विश्वास नव्हता. उत्तरात कार्डिनलांनी देवाच्या क्षमेचे स्मरण दिले. १९८४ साली गेगनची वेस्टन येथे नेमणूक झाली, तेव्हा जॉन डार्सी या साहाय्यक बिशपांनी लॉ यांस पत्र लिहून शंका व्यक्त केली. तीही व्यर्थ गेली.

सरकारी कचेरीत आयुष्य घालविणाऱ्या माझ्यासारख्यास ‘बदली’ या शब्दाची शक्ती निराळी सांगावी लागत नाही. बदलीने प्रश्न सुटत नाही, तो दुसऱ्याच्या मेजावर जातो; आणि कागद ‘गोपनीय’ झाला की प्रश्न होता हेच कोणाला कळत नाही. पण येथे दुसऱ्या मेजावर फाईल जात नव्हती, दुसऱ्या गावची मुले गेगनच्या हाती पडत होती. पुढे १३० हून अधिक व्यक्तींनी त्याच्याविरुद्ध तक्रारी केल्या.

२००१ च्या नोव्हेंबरात न्यायालयाने गोपनीय कागद खुले करण्याचा आदेश दिला आणि ६ जानेवारी २००२ रोजी ‘ग्लोब’ने त्या प्रकरणाचा पहिला वृत्तांत छापला. तेव्हा जुने उत्तर पुन्हा ऐकू आले की, हा कॅथलिकद्वेष आहे. दुसरे उत्तर असे की, असे नराधम इतर पंथांत आणि शिक्षकांतही आढळतात. हे खोटे नव्हे; परंतु आरोपाचा रोख केवळ अपराध्यांवर नव्हता, जाणूनबुजून त्यांना पुन्हा मुलांत धाडणाऱ्यांवर होता. त्यास हे उत्तर लागू पडत नाही. कोणी ब्रह्मचर्यव्रतास दोष दिला, कोणी नव्या काळाच्या शैथिल्यास. ज्याची जी जुनी तक्रार, तेच त्याला या रोगाचे निदान वाटले.

तिसरे उत्तर मात्र निराळे होते. वेलस्ली येथील सेंट जॉन चर्चच्या आवारात काही उपासक जमू लागले. डॉ. जेम्स म्युलर या हृदयरोगतज्ज्ञांच्या पुढाकाराने त्यांची ‘व्हॉइस ऑफ द फेथफुल’ ही संघटना झाली. श्रद्धा राखू, चर्च पालटू, असा त्यांच्या घोषणेचा आशय होता. जुलै २००२ मधील त्यांच्या अधिवेशनास सुमारे ४,००० लोक आले. लॉ यांनी त्यांचा निधी नाकारला. नव्या शाखांना चर्चच्या वास्तूंत सभा घेण्यास मनाई झाली. तथापि त्या डिसेंबरात त्यांच्याच धर्मप्रांतातील ५८ धर्मगुरूंनी राजीनाम्याची मागणी करणाऱ्या पत्रावर सह्या केल्या. १३ डिसेंबर रोजी पोपनी लॉ यांचा राजीनामा स्वीकारला.

पुढे अमेरिकेतील बिशपांनीच करविलेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १९५० ते २००२ या काळात ४,३९२ धर्मगुरूंवर आरोप झाल्याचे व तक्रारींत १०,६६७ बालकांचा उल्लेख असल्याचे नमूद झाले. बोस्टन धर्मप्रांताने २००३ साली ५५२ पीडितांना साडेआठ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले, आणि लॉ यांच्या उत्तराधिकाऱ्यांनी आर्चबिशपांचा प्रासादतुल्य निवास विकला. त्याच २००४ साली लॉ यांना मात्र रोममधील सांता मारिया माज्जोरे या पुरातन मंदिराचे प्रमुखपद मिळाले. बोस्टनच्या अनेक कॅथलिकांना ही जखमेवरील दुसरी जखम वाटली.

या इतिहासात टीकाकार बाहेरचे आणि निष्ठावंत आतले, अशी वाटणी टिकत नाही. पहिली टीका वृत्तपत्राची नव्हती; ती चर्चवर प्रेम करणाऱ्या एका स्त्रीची होती, आणि वीस वर्षे आधी झाली होती. तिचे पत्र वेळीच मनावर घेतले गेले असते, तर शत्रूंच्या टीकेला भ्यावयाचे कारणच उरले नसते. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, कित्येक मुले वाचली असती.