पेटीतली पेटी

नवी आज्ञावली तपासायची, तर ती चुकेल हे गृहीत धरावे लागते; म्हणून तिला बंदिस्त जागेत चालवतात. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत 'सीएचरूट' ही सोय आली. तिच्यामुळे आज्ञावलीला फायलींचा ठरावीक भागच दिसे. पण ही भिंत घालण्याचा अधिकार फक्त 'रूट' या सर्वाधिकाऱ्याला होता आणि आतला रूट ती ओलांडूही शके!

२०१३ साली डॉकर आले आणि अशा पेट्या, म्हणजे कंटेनर, घरोघर पोचले. मात्र चाचणीसाठी पेटीत दुसरी पेटी उघडायची, तर बाहेरच्या पेटीला विशेषाधिकार द्यावे लागत. मग संरक्षण उरले कुठे?

उपाय त्याच वर्षी लिनक्सच्या ३.८ आवृत्तीत साकारला. पेटीत ० क्रमांकाचा रूट असलेला बाहेर, समजा, १००० क्रमांकाचा साधा वापरकर्ताच राहतो. वर्गाचा मॉनिटर वर्गात हुकूम सोडतो, शाळेच्या कार्यालयात मात्र तो विद्यार्थीच, तसे हे. अशा पेट्या एकीत एक, ३२ पातळ्यांपर्यंत ठेवता येतात.

तरीही साऱ्या पेट्यांखाली कर्नल एकच असतो. त्यालाच भोक पडले, तर भिंती कितीही असोत, उपयोग नाही.