शाळूचे बियाणे आणि पेरणी

सोलापूर, मंगळवेढा, बार्शी या पट्ट्यातील काळ्या, खोल जमिनीत रब्बी ज्वारी, म्हणजे शाळू, पिढ्यान्‌पिढ्या घरच्या बियाण्यावर पिकत आली. काढणीआधी शेतकरी उभ्या पिकातून टपोऱ्या, मोत्यासारख्या दाण्यांची निरोगी कणसे निवडत. ती वेगळी वाळवून मळत आणि राख किंवा कडुनिंबाचा पाला घालून बी साठवत. काणी रोग बियाण्यातून पसरतो, म्हणून पुढे पेरणीपूर्वी बियाण्याला गंधक चोळण्याची शिफारस झाली.

पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, उत्तरा आणि हस्ताच्या पावसाचा अंदाज घेऊन होई. बैलांच्या पाभरीवरील चाड्यातून मुठीने सोडलेले बी नळ्यांतून थेट ओलीत पडे. पुढे पीक मुख्यतः जमिनीतील साठलेल्या ओलाव्यावरच वाढे. त्यामुळे दाण्याबरोबर भरपूर कडबा देणारा, कोरड्यात तग धरणारा वाण मोलाचा ठरे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवड पद्धतीने ‘मालदांडी ३५-१’ हा वाण तयार झाला. 1964 मध्ये ‘सीएसएच-१’ हा पहिला संकरित वाण आला आणि खरिपात दरवर्षी नवे बियाणे विकत घेण्याची रीत रुजली. रब्बीत मात्र भाकरीची चव आणि कडब्याची प्रत यांमुळे मालदांडी टिकली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.