पी हळद आणि हो गोरी : एका म्हणीचा औषधी इतिहास

हळदीवरच्या दोन म्हणी आम्ही पदवीच्या वर्गाला दरवर्षी शिकवतो. ‘पी हळद आणि हो गोरी’ ही फळासाठी उतावीळ झालेल्याची थट्टा. ‘अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे’ ही अल्पशा लाभाने फुगून जाणाऱ्याची. ज्या समाजात हळदीवाचून लग्न लागत नाही आणि खंडोबाचा भंडारा कपाळी लागल्यावाचून जत्रा पुरी होत नाही, त्याच समाजाने हळदीकडून भलती अपेक्षा ठेवणाऱ्याला असे हसावे, ही बाब विचार करण्याजोगी आहे. हळद प्यायल्याने काहीच होत नाही असे म्हणीला म्हणायचे नसावे. आयुर्वेदात ती पोटातही दिली जाते. वाग्भट तर प्रमेहावर आवळ्याच्या जोडीने तिला अग्रस्थान देतो. हसू आहे ते ‘पी’ आणि ‘हो’ यांच्यामधला काळ पुसून टाकण्याचे.

सोलापुरात हा पदार्थ तीन भाषांतून वावरतो. मराठी घरात हळद, कानडी घरात अरिशिण, विणकरांच्या तेलुगू घरात पसुपु. यांतील कानडी शब्द आमच्या विषयाच्या दृष्टीने मोलाचा आहे, कारण कानडीत काविळीला ‘अरिशिण कामाले’ म्हणतात. म्हणजे रोगाच्या नावातच हळद! चरकसंहितेनेही कामलेच्या रुग्णाचे डोळे, त्वचा, नखे व मुख हळदीच्या रंगाचे होतात असे वर्णन केले आहे. त्याहून मागे अथर्ववेदाच्या पहिल्या कांडात एक सूक्त आहे. त्यात रोग्याच्या अंगचा पिवळेपणा पोपटादी पक्ष्यांकडे धाडून दिला आहे. यकृताचा आजार आणि पिवळा रंग यांची सांगड आपल्याकडे इतकी जुनी आहे. या सांगडीतूनच पुढे पथ्य निघाले : काविळीच्या माणसाच्या ताटात हळद नको. आमच्या पिढीतील बहुतेकांनी लहानपणी हे फिके, पांढरे वरण पाहिले किंवा जेवले आहे. या पथ्यामागे रंगाचेच तर्कशास्त्र असावे.

मग हीच हळद ‘यकृताची मित्र’ म्हणून डबीत कधी शिरली? त्यासाठी १९९५ सालाकडे जावे लागते. त्या वर्षी मार्चमध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे सीएसआयआरने, १९९६ मध्ये त्याला आव्हान दिले. पुराव्यात जुने संस्कृत ग्रंथ होते, तसा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९५३ साली आलेला एक लेखही होता. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. मराठी वृत्तपत्रांनी या घटनेला हळदीघाटाची उपमा दिली, ती अजून चालते.

परंतु तो वाद नेमका कशाचा होता? हा वापर नवा नाही, एवढेच तेथे सिद्ध करायचे होते. वापर प्राचीन असणे आणि तो गुणकारी असणे ही दोन निराळी विधाने आहेत. शिवाय प्रश्न होता जखमेवर लावण्याचा. लोकमानसात मात्र त्या निकालाचा अर्थ ‘अमेरिकेने हळद मान्य केली’ असा झाला. आमच्या एका सहकाऱ्याच्या सोनोग्राफीत यकृतावर चरबी आढळली, तेव्हा त्यांनी स्टाफरूममध्ये हळदीच्या कॅप्सूलची डबी काढून आम्हाला हाच दाखला दिला. माणूस इतिहासाचा! मेसमधले तळण आणि बसून राहणे मात्र जसेच्या तसे.

येथे थोडे गणित आवश्यक आहे. हळदीत कर्क्युमिन हे पिवळे द्रव्य साधारण तीन टक्के असते. पाचशे मिलिग्रॅमच्या, पंच्याण्णव टक्के अर्काच्या एका कॅप्सूलमध्ये सुमारे पंधरा ग्रॅम हळदीइतके कर्क्युमिन येते. एवढी हळद कोणतीही सुगरण एका माणसाच्या आमटीत घालणार नाही. बरे, कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारसे शिरत नाही. आपल्या अन्नातील हळद निरुपद्रवी राहण्याचे ते एक कारण असू शकेल. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवले, की मिऱ्यातील पिपेरिन सोबत दिल्यास माणसात हे शोषण वीस पटींनी वाढते. तेव्हापासून अनेक कॅप्सुलांत मिरी आली.

सांगलीजवळच्या हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवांत साठवीत; २००५ च्या महापुरात त्या पेवांची मोठी हानी झाली. आज पेव फुटले आहे ते या डब्यांचे. चरबीयुक्त यकृतावर कर्क्युमिनच्या काही छोट्या, अल्पकालीन चाचण्या झाल्या आहेत आणि त्यांत यकृताची विकरे थोडी उतरलेली दिसली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्यावर उपचार उभारावा इतका तो पुरावा भक्कम नाही. वजन सात ते दहा टक्क्यांनी उतरवणे हा उपाय मात्र भक्कम आहे आणि त्याला डबी लागत नाही.

दुसऱ्या बाजूचा पुरावाही आता समोर आहे. औषधांमुळे होणाऱ्या यकृतहानीची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी संशोधकांनी २०२२ मध्ये हळदीच्या पूरकांमुळे यकृताला इजा झालेले दहा रुग्ण नोंदवले. पाच जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले, एक दगावला. सात जणांत एचएलए-बी*३५:०१ हे एकच जनुकीय रूप सापडले. म्हणजे धोका विरळ आहे. पण तो कोणाच्या अंगी दडला आहे, हे डबी विकत घेणाऱ्याला कळण्याचा मार्ग नाही.

त्याच वर्षी इटलीच्या आरोग्य मंत्रालयाने हळदीच्या पूरकांच्या वेष्टनावर सूचना सक्तीची केली : यकृताचे वा पित्ताचे विकार असणाऱ्यांनी हे घेऊ नये. आमच्या आजीच्या पिढीने रंग पाहून जे पथ्य घातले, त्याच्या जवळपास हे लोक रक्ततपासण्यांच्या वाटेने येऊन पोहोचले. फरक एवढाच, की स्वयंपाकातल्या चिमूटभर हळदीला त्यांनी हात लावलेला नाही.